पैसा जरा हळू चालावा म्हणून

कोषागारात तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पेन्शनची बिलं तपासली. बेरीज चुकली, सहीखाली शिक्का नसला की बिल परत. माझ्या टेबलावरून चुकीचं बिल सहसा पुढे जात नसे आणि याचा मला थोडा ताठाही होता. तीच मी, ११ फेब्रुवारी २०२५ च्या दुपारी, चार लाख रुपयांची आरटीजीएसची, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायची, स्लिप भरली आणि खाली सुवाच्य सही केली. पैसे ज्याला जायचे त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, अमुक अमुक एंटरप्रायझेस. मला सांगण्यात आलं होतं की हे रिझर्व्ह बँकेचं तपासणी खातं आहे. रिझर्व्ह बँकेचं खातं एंटरप्रायझेसच्या नावाने कसं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. दुसऱ्याच्या कागदावर हेच दिसलं असतं तर लाल पेन्सिलने गोल करून परत पाठवलं असतं.

मला काही माहीतच नव्हतं, असं नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान 'डिजिटल अटके'बद्दल, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर धरून ठेवून पैसे उकळतात त्याबद्दल, बोलले, ते आम्ही दोघांनी चहा घेता घेता ऐकलं होतं. अशी कुठली अटक कायद्यात नाही, हेही त्यात होतं. पुढे तर कुणालाही फोन लावला की आधी सावधगिरीची रेकॉर्ड वाजायची. मी वैतागायचे, की अहो कळलं, आता रिंग द्या. त्यामुळे 'लोकांना माहिती नसते म्हणून लोक फसतात' हे म्हणणं मला आता पटत नाही. मला माहिती होती. ती त्या दिवशी कुठे गेली होती, ते सांगते.

पावणेअकराला फोन आला. रेकॉर्ड केलेला आवाज होता. ट्रायकडून, म्हणजे दूरसंचार नियामकाकडून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा. ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही. पण मी ९ दाबला. पलीकडच्या माणसाने माझं पूर्ण नाव आणि आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले. तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, गुन्हा नोंदला गेलाय, पोलिसांशी जोडून देतो. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे झेंडा, कुठूनतरी वायरलेसची खरखर.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित मी फोन ठेवला असता. तो म्हणाला, "मॅडम, आपण सरकारी नोकरीत होतात. प्रोसिजर काय असते, ती आपल्याला वेगळी सांगायला नको." आणि त्याने एक पत्र पाठवलं. वर राजमुद्रा, डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, विषय, संदर्भ १, संदर्भ २. मी तिथेच सापडले. पैशाच्या लोभाने कुणी गळाला लागतं, कुणी नुसत्या भीतीने. मी जावक क्रमांकाला लागले. ज्या कागदावर जावक क्रमांक आहे तो खराच असणार आणि त्याला उत्तर द्यायचं असतं, हे माझ्या अंगात तेहतीस वर्षं मुरलेलं.

त्याने 'मालमत्तेचं विवरण' मागितलं. मी पट्टीने रकाने आखून दिले. बँकेतल्या दोन एफडी, एक चार लाखांची आणि एक तीन लाखांची. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. बचत खात्यात लाखभर. खाली एकूण बेरीज करून तिला दोन रेघा मारल्या. हा कागद अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. पेन्शनर संघटनेची ऑनलाइन मीटिंग आहे, असं सांगून मी दार लावून घेतलं. कारण ज्याला सांगाल तो सहआरोपी होईल, असं मला बजावलं होतं. म्हणजे यांना वाचवायचं म्हणून मी यांच्यापासून लपवत होते. नंतर कितीतरी दिवस हे एकच वाक्य म्हणत राहिले, "अगं, मी तर इथेच होतो."

चार लाखांची एफडी मी फोनवरूनच मोडली. दोन वेळा बटण दाबलं, एक ओटीपी टाकला, की पैसे बचत खात्यात. पुढे मात्र गाडी अडली. नवीन खातं जोडलं की पहिले २४ तास त्याला मोठी रक्कम पाठवता येत नाही, असा माझ्या बँकेचा नियम निघाला. पलीकडे जरा चुळबुळ झाली, कुणीतरी हळू आवाजात काही विचारलं, आणि मला शाखेत जायला सांगितलं. कॉल चालू ठेवून फोन पर्समध्ये ठेवा. कुणी विचारलं तर मुलाच्या फ्लॅटसाठी म्हणा.

पासबुक भरून आणते म्हणून घरातून निघाले. शाखेतल्या अधिकाऱ्याने विचारलं, आणि नीट विचारलं, "मॅडम, एवढी रक्कम कुणाला?" मी पढवलेलं उत्तर दिलं. वर स्वतःच्या पदरचं घातलं, की बिल्डर घाई करतोय हो. त्यामुळे त्या मुलाला मी दोष देणार नाही. एक वाजून दहा मिनिटांनी पैसे गेले. तेव्हा आरटीजीएसमध्ये पैसे जमा व्हायचे ते फक्त खाते क्रमांक बघून. नाव आपण काहीही लिहिलं तरी चालून जायचं. पाठवण्याआधी समोरच्या खात्यावरचं खरं नाव दिसायची सोय १ एप्रिल २०२५ पासून आली. मला सात आठवडे उशीर झाला. तसं बघितलं तर माझ्या स्लिपवर खरं नाव होतंच की, मी वाचलं नाही इतकंच.

तिथून पोस्टात. आता मला १५ लाख काढायचे होते.

काउंटरवर एक बाई होत्या. दर तिमाहीला व्याज काढायला जायचे म्हणून तोंडओळख होती, नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, खातं बंद करायचंय. त्यांनी पासबुक उघडलं, पुढचं पान, मागचं पान. "मॅडम, जुलैत पाच वर्षं पुरी होतायत. पाच महिने राहिलेत. आत्ता मोडलं तर एक टक्का कापला जाईल, पंधरा हजार जातील तुमचे." मी म्हटलं, जाऊ देत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "काय झालंय? साहेब बरे आहेत ना?"

त्यांना वाटलं, घरात कुणीतरी अतिदक्षता विभागात आहे. पाच महिन्यांसाठी पंधरा हजारांवर पाणी सोडणारं माणूस दुसऱ्या कुठल्या कारणाने येणार? सकाळपासून अडीच तास कुणी माझी साधी विचारपूस केली नव्हती. मी काउंटरला धरून रडायलाच लागले. बाई उठून बाहेर आल्या, माझ्या पर्समधून येणारा आवाज त्यांनी ऐकला, फोन काढला आणि लाल बटण दाबलं. "बसा इथं. पैसे गेलेत का आधी कुठं?" मी मान हलवली. १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, त्यांनीच लावली.

१९३० वर काय विचारतात, ते सांगून ठेवते, कारण त्या क्षणी हात थरथरत असतात. आपलं नाव, मोबाईल, बँक, खाते क्रमांक, किती वाजता, किती रक्कम, कुठल्या खात्यात गेली आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, बँकेच्या मेसेजमध्ये येतो. मी वाचायला घेतला आणि मधल्या शून्यांपाशी अडखळले, चार आहेत की पाच. पुन्हा पहिल्यापासून. पलीकडची मुलगी शांत होती, "आजी, सावकाश, मी आहे." मला आजी कुणी म्हटलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी चाललं. लगेच मेसेजवर पोचक्रमांक आला. त्या क्रमांकावर २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते, ती रात्री मुलाने पुण्याहून भरली. १९३० ला सांगितलं की ती माहिती एकाच यंत्रणेतून पुढच्या पुढच्या बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथे रोखता येतात. सगळी शर्यत एवढ्यासाठीच. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. माझे तासाभरात चार खात्यांत फुटले होते, आणि त्यातले काही एटीएममधून निघालेही होते. चार लाखांपैकी २ लाख ६३ हजार रोखले गेले.

एक चूक होता होता राहिली. घरी आल्यावर हे म्हणाले, ते सगळं पुसून टाक फोनमधून, डोळ्यांसमोर नको. पुसलं असतं तर पुरावा गेला असता. ते पत्र, तो फोटो, कॉलची वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यात लागले. तिथल्या हवालदाराने पत्र बघून विचारलं, "मॅडम, यात जावक क्रमांक आहे, पण कार्यालयाचा पत्ता कुठाय?" खरंच नव्हता.

बँकेकडून भरपाई मिळेल का, याचा मी पिच्छा पुरवला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचलं, सवयच ती. त्यात असं होतं की चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुणीतरी तुमच्या खात्यातून पैसे काढले, आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस झाले तर मर्यादित. म्हणून मेसेज आला की बसून राहू नये. पण हे सगळं अनधिकृत व्यवहाराला लागू. माझ्या स्लिपवर माझी सही होती. कुणी माझं खातं फोडलं नव्हतं, मीच दार उघडून पैसे हातात दिले होते. मॅनेजर हे तोंडावर म्हणाले नाहीत, पण मी ते बिल तपासायला बसले असते तर हेच लिहिलं असतं.

रोखलेली रक्कम आपोआप परत आली नाही. न्यायालयात अर्ज करावा लागला, पोलिसांचा अहवाल मागवला गेला, हमीपत्र द्यावं लागलं, मग आदेश, मग आदेशाची प्रत घेऊन त्या त्या बँकांशी पत्रव्यवहार. पाच महिने गेले, जुलैअखेर पैसे आले. काहींचं काम लोकअदालतीत लवकर होतं असं ऐकलं, माझं झालं नाही.

मधल्या काळात, मार्चमध्ये, आणखी एक फोन. 'तुमच्या तक्रारीतले पूर्ण चार लाख सापडलेत, प्रक्रिया शुल्क ८,५०० भरा, दोन दिवसांत जमा होतील.' त्याला माझी रक्कम माहीत होती. आणि खरं सांगते, पाच मिनिटं मला वाटलं की भरावेत. एकदा फसलेल्या माणसाच्या मागे पुन्हा येतात, कारण पैसे परत मिळण्याची आशा त्याला असतेच, ती कुणाला नव्याने लावावी लागत नाही.

मुलाचं म्हणणं होतं, सगळी खाती मी बघतो, तू फोनवरची बँकच काढून टाक. प्रेमाने म्हणत होता. मी नाही म्हटलं. तेहतीस वर्षं नोकरी करून हातात आलेले पैसे एका फटक्यानंतर मुलाच्या हवाली करायचे, म्हणजे चोरांनी चार लाख नेले आणि उरलेला कारभार घरच्यांनी. शिवाय सगळं एका माणसाच्या हातात जाणं हाच तर गोंधळ होता. त्या दिवशी ते एक माणूस म्हणजे मी होते.

मला वाचवलं कुणी, याचा मी बराच विचार केला. माझ्या हुशारीने नाही. बँकेच्या त्या २४ तासांच्या नियमाने थोडं, आणि पोस्टाच्या एक टक्का कपातीने पुष्कळ. तिथे पैसा अडला, म्हणून माणसाला विचारायला वेळ मिळाला. मग ठरवलं, की आपला पैसा मुद्दामच हळू करायचा, आणि डोकं ठिकाणावर आहे तोवर करून ठेवायचा.

पहिल्यांदा बँकेत जाऊन म्हटलं, मला मुदतीआधी मोडताच येणार नाही अशी एफडी द्या. मॅनेजर हसले. ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की व्यक्तीची एक कोटीपर्यंतची ठेव असेल तर तिला मुदतीआधी मोडायची सोय द्यावीच लागते. "एक कोटीच्या वर आणा, मग देतो." कर वाचवायची पाच वर्षांची ठेव मोडता येत नाही, पण ती वर्षाला दीड लाखापुरती. मग त्यांनीच खरा मार्ग सांगितला. माझ्या एफडी एकटीच्या नावावर होत्या, म्हणून त्यातली एक एका ओटीपीत मोडली. दोघांच्या नावावर 'दोघांपैकी एक किंवा हयात असलेला' अशी ठेव केली, तर मुदत संपल्यावर कुणीही एकजण पैसे घेऊ शकतो, पण दोघं हयात असताना मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. माझ्यासारख्या बाईला हे माहीत नसावं! एकजण गेला तर मागे राहिलेल्याला मुदतीआधी पैसे काढता यावेत, हे मात्र ठेव करतानाच फॉर्मवर लिहून द्यायचं, नाहीतर वारसांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं. ते आम्ही लिहून दिलं. सगळ्या ठेवी अशा फिरवल्या. व्याजात थोडं नुकसान झालं, ते मी धरलं नाही.

मग खाती वेगळी केली. पेन्शन येते त्या खात्याचं नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवलं, पैसे पाठवायची सोय बंद. भाजी, वीजबिल, रिक्षा यासाठी दुसरं खातं, त्यात वीस-पंचवीस हजार, आणि यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. डेबिट कार्डावरचे परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार बंद. हे आपल्याला हवं तेव्हा चालू-बंद करता येतं, बँकेच्या ॲपमध्येच बटणं असतात. आधारचे बोटांचे ठसे लॉक केले. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर जाऊन माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. दोन, दोन्ही माझेच. हे दोन मिनिटांचं काम त्या दिवशी केलं असतं तर ते 'मुंबईतलं सिम' तिथेच संपलं असतं. संशयास्पद फोन आला की आता त्याच पोर्टलवर 'चक्षू'मध्ये कळवते. पैसे गेलेले असतील तर मात्र ती जागा नाही, तेव्हा १९३०.

आणि घरातला नियम. पन्नास हजारांच्या वरची रक्कम जायची असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्यायची आणि यांना मोठ्याने सांगायचं, काय आणि कुणाला. ऑक्टोबरमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे ऐंशी हजार द्यायचे होते. कंत्राटदार दारात उभा आणि मी म्हणतेय, उद्या. हे करवादले, "अगं, याला आपण पंधरा वर्षं ओळखतो." उद्याच दिले.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे फोन सुरू होतात, 'कोषागारातून बोलतोय, ओटीपी सांगा, नाहीतर पेन्शन थांबेल.' ओळखीच्या तिघींनी मला फोन करून विचारलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्याकडे पेन्शनरांची यादी बँकेत जाते, तिथे जाऊन सही करायची. मी तेहतीस वर्षांत कुणाला ओटीपी मागितला नाही. मागायला वेळ कुठे होता?

पोस्टातलं खातं ऑगस्टमध्ये तीन वर्षांसाठी वाढवून घेतलं. २०२० ला ७.४ टक्क्यांनी ठेवलेले पैसे आता ८.२ ने राहतील. फॉर्म भरायला दोघं गेलो होतो, बरोबर पेढ्यांचा बॉक्स. काउंटरवर एक नवा मुलगा. बाईंची बदली झाली होती, मार्चमध्येच. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. मी बॉक्स तसाच पिशवीत ठेवला. त्याने फॉर्म उलटसुलट बघितला, बोट ठेवून म्हणाला, "इथं सही." मी वर छापलेलं सगळं वाचून होईपर्यंत तो थांबला.